स्वयंपाकघरातली बारा मिनिटं

मी चांगला पर्यवेक्षक होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस कामचुकार असणार. तसं नव्हतं. लंडनच्या वायव्य भागातल्या एका कौन्सिलमध्ये वृद्धांच्या मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या टीममध्ये मी बावीस वर्षं सोशल वर्कर होतो आणि त्यातली शेवटची बारा वर्षं विद्यार्थी तयार करत होतो. माझ्या हाताखालून गेलेले विद्यार्थी आज चांगल्या जागांवर आहेत. त्यांच्यातल्या एकीवर मी अन्याय केला. तो नकळत झाला नाही, मी तो कागदावर लिहून सही करून केला. माझं वय आता एक्याऐंशी आहे. हे लिहायला आणखी उशीर करण्यात अर्थ नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. सोशल वर्करच्या पदवीसाठी विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी शंभर दिवस प्रत्यक्ष काम करावं लागे, तेही कुणाच्या तरी देखरेखीखाली. ते दिवस भरून पर्यवेक्षकाने ‘समाधानकारक’ असं लिहून दिलं की पदवी मिळणार, पदवी मिळाली की नोंदणी, आणि नोंदणी झाली तरच स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घेता येणार. आठवड्यातून एकदा दीड तास बसून मी विद्यार्थ्याशी त्याच्या कामाबद्दल बोलायचो. शिवाय शंभर दिवसांत तीनदा त्याच्याबरोबर एखाद्याच्या घरी जायचं, कोपऱ्यात गप्प बसायचं, आणि त्याने काय केलं, काय केलं नाही, त्याचा रिपोर्ट लिहायचा. गप्प बसायचं हा नियम होता. पर्यवेक्षकाने खुर्ची व्हायचं, असं मीच विद्यार्थ्यांना सांगायचो.

त्या वर्षी माझ्याकडे आलेली विद्यार्थिनी मराठी होती. तिचा जन्म इथलाच, हॅरोमधला. आजीकडून शिकलेलं तिचं मराठी गोड होतं, फक्त लिंगांचा पत्ता नसायचा. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “काका, माझा ट्रेन चुकला. सॉरी.”

मी म्हटलं, “ऑफिसात काका नको. सगळे नावाने हाक मारतात, तूही मार.”

तिने दोन दिवस प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “नाही जमत हो. आईला कळलं तर ती मारेल मला. मी तुम्हाला काहीच म्हणत नाही, चालेल?”

आठवडाभर ती मला काहीच म्हणाली नाही. माझ्या टेबलापाशी येऊन खाकरायची. शेवटी मीच म्हटलं, “बरं बाई, काका म्हण.” खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. कौन्सिलमध्ये इतकी वर्षं काढल्यावर कुणीतरी मला अहो-जाहो करत होतं.

ती हुशार होती. पहिल्या दोन भेटींचे रिपोर्ट मी उत्तम दिले होते. शेजारच्या कौन्सिलने तिला नोकरीही कबूल केली होती, पदवी हातात पडली की रुजू व्हायचं. तिसरी भेट तेवढी राहिली होती.

तेव्हाच स्टॅनमोरच्या एका डॉक्टरचं पत्र आलं. शहात्तर वर्षांच्या एक मराठी बाई. वजन उतरलंय, झोप नाही, तपासायला आल्या की रडू लागतात, बहुधा डिप्रेशन. आमच्या टीमच्या मॅनेजरने पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि खुशीत म्हटलं की हे तुम्हा दोघांसाठीच आलेलं दिसतंय.

तीच तिसरी भेट ठरली. दार त्या बाईंच्या नवऱ्याने, आजोबांनी, उघडलं. उंच, गोरे, टाय लावलेला, अंगात पुलओव्हर. ते तिच्याकडे न बघता थेट माझा हात हातात घेऊन म्हणाले, “या, या. किती दिवसांनी आपलं माणूस आलं घरी. कुठले तुम्ही?”

“साताऱ्याचा,” मी म्हटलं. “पण मी नुसता बसणार आहे. बोलायला ही आलीय.”

“बसा हो. बसायलाच बोलावलंय.”

आणि मी बसलो. पण खुर्ची झालो नाही. आजोबा ब्रिस्टलला विमानाच्या कारखान्यात इंजिनियर होते. साठच्या दशकात आलेले. पहिल्यांदा इंजिनची चाचणी पाहिली तेव्हा छातीत कसं धडधडलं होतं, ते त्यांनी इतकं छान सांगितलं की मी तिथे कशासाठी आलोय तेच विसरलो. समोर सोफ्याच्या कडेला आजी बसल्या होत्या, पदर बोटाला गुंडाळत. मुलीने त्यांना विचारलं, “आजी, जेवण कसं आहे तुमचा?” तर उत्तर आजोबांनी दिलं. “ती उंदरासारखी खाते. मीच बघा, अजून चार पोळ्या खातो.” मी हसलो. मुलीने विचारलं, “झोप?” आजोबा म्हणाले, “तिला कसली झोप! घरभर फिरत असते.” मी पुन्हा हसलो.

मुलगा कुठे असतो, असं तिने विचारलं तेव्हा आजोबा बायकोकडे वळले. “सांग ग, कुठे असतो तो? मला त्या गावाचं नाव कधी तोंडात बसत नाही.”

“बेसिंगस्टोकला,” आजी म्हणाल्या.

तुम्हाला काय औषधं चालू आहेत, असं तिने आजोबांना विचारलं तेव्हाही तेच. “हिला विचारा. सगळं खातं तिच्याकडे.”

मला यात काहीही वेगळं वाटलं नाही. आमच्या पिढीच्या नवऱ्याला स्वतःच्या गोळ्यांची नावं माहीत नसतात, साखरेचा डबा कुठे असतो ते माहीत नसतं, नातवाचं वय माहीत नसतं. मलाही माझ्या गोळ्या बायकोच काढून द्यायची. तिकडे कुणा इंग्रज म्हाताऱ्याने असं केलं असतं तर मी पहिल्या दहा मिनिटांत वहीत टीप काढली असती. आपल्या माणसाच्या बाबतीत मी टीप काढली नाही. तो मला माझ्यासारखा दिसत होता एवढंच.

मधे त्यांनी मला विचारलं, “कुठले म्हणालात तुम्ही?” मी म्हटलं, “साताऱ्याचा.” आणि पुन्हा साताऱ्याच्या गप्पा. थोड्या वेळाने पुन्हा, “आणि तुम्ही मूळचे कुठले?” मला वाटलं, माणूस अगत्यशील आहे.

आजी चहा करायला उठल्या. त्या क्षणी मुलगी वही मिटून उभी राहिली. “आजी, मी येते मदतीला.”

मला राग आला. ही भेटीला आलीय की हळदीकुंकवाला? परीक्षा चालू आहे, आणि ज्या बाईची मुलाखत घ्यायची तिच्या मागे ही कपबशा काढायला जाते! मी घड्याळ पाहिलं. ती बारा मिनिटं आत होती. त्या बारा मिनिटांत मला इंजिनच्या चाचणीची गोष्ट पुन्हा ऐकायला मिळाली, छातीतल्या धडधडीसकट. मी ती आवडीने ऐकली.

ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. निघताना आजींनी तिचा हात धरून ठेवला होता. ती म्हणाली, “सोमवारी येते आजी, नक्की.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दीड तासाच्या बैठकीला बसलो. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, “काका, आजी डिप्रेस्ड नाहीत. दमल्यात. आजारी आजोबा आहेत. त्यांना विसरायला होतंय.”

“हे तुला आजींनी सांगितलं?”

“सांगितलं, आणि मी बघितलं पण. गॅसवर बटणच नव्हते. आजीने पिठाच्या डब्यात हात घातला, एक बटण काढला, पुसला, गॅसला लावला, चहा केला आणि परत पिठात टाकला. आजोबा गॅस चालू करून विसरतात म्हणून. दोन वर्ष झाले. मुलाला पण माहीत नाही. त्यांना वाटतं लोकांना कळलं तर आजोबांची लाज जाईल.”

याहून स्पष्ट पुरावा मी माझ्या अख्ख्या नोकरीत क्वचित पाहिला असेल. आज हे वाक्य लिहायला मला काही अडचण येत नाही. त्या दिवशी मात्र मी खुर्चीत मागे रेलून म्हटलं, “म्हाताऱ्या बायका काय काय करतात. माझी आई किल्ल्या तांदळात ठेवायची.”

“पण काका—”

“मी त्या माणसाबरोबर पाऊण तास बसलोय. माझ्याहून तल्लख आहे तो.”

“त्यांनी तुम्हाला तीनदा विचारला, तुम्ही कुठले.”

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं, टोमणा म्हणून नव्हे. आत जाण्यापूर्वीच तिने ते तिन्ही वेळा ऐकलं होतं. तिने मोजलं होतं. आणि ती म्हणाली त्याच क्षणी मला कळलं की ती बरोबर आहे. इथे मला कुणाचा गैरसमज होऊ द्यायचा नाही. मला नंतर कळलं, असं नाही. तेव्हाच कळलं. अठरा वर्षांचा अनुभव घेऊन मी त्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो, आणि जे मला दिसलं नाही ते चोवीस वर्षांच्या मुलीने चहाच्या निमित्ताने शोधून काढलं होतं. हे खरं धरलं तर मला रिपोर्टमध्ये असंही लिहावं लागलं असतं की गप्प बसायचा नियम मी मोडला, मुलाखत मी हायजॅक केली, आणि आजींशी एकटीने बोलायचा तिच्यापुढे दुसरा रस्ताच मी ठेवला नव्हता. आपल्या घरात तरुण मुलगी मदतीला म्हणून स्वयंपाकघरात गेली तर कुणाला संशय येत नाही, नवरा मागे येत नाही, बाई मोकळी होते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला ते शिकवता आलं नसतं.

मी लिहिलं ते असं: विद्यार्थिनीने मुलाखत अर्धवट सोडली. घरकामात भाग घेऊन व्यावसायिक मर्यादा ओलांडली. संभाषणावर तिचं नियंत्रण राहिलं नाही. काढलेल्या निष्कर्षांना पुरेसा आधार नाही. तिसरी भेट असमाधानकारक.

यातलं एकेक वाक्य वाचायला नीट, तोललेलं होतं. मला असं लिहिता येत असे.

रिपोर्टच्या शेवटी विद्यार्थ्याने आपलं म्हणणं मांडायला एक चौकट असायची. मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिने दोनदा वाचला. मग चौकटीत ‘वाचलं’ एवढंच इंग्रजीत लिहून सही केली.

“काही लिहायचं नाही तुला?”

तिने मान हलवली. “तुमच्याविरुद्ध काय लिहू, काका?”

माझ्या इतर कुठल्याही विद्यार्थ्याने ती चौकट भरून पुरवणी जोडली असती. एकीने तर एकदा चार पानं जोडली होती. ही लिहिणार नाही, हे मला ठाऊक होतं. ज्या घरात ती वाढली तशाच घरात मी वाढलो होतो. मोठ्यांना उलट बोलणं वाईट, आणि उलट लिहिणं त्याहून वाईट. मी तिच्या त्या संस्कारावर विसंबलो, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तिची ती केसही मी काढून घेतली. सोमवारी ती स्टॅनमोरला गेली नाही. मी तिला जाऊ दिलं नाही.

मी डॉक्टरांना कळवलं की डिप्रेशनच दिसतंय. आजींना गोळी सुरू झाली. त्या गोळीने त्यांना सकाळी लवकर जाग येईनाशी झाली. तीन आठवड्यांनी एका सकाळी आजी झोपलेल्या असताना आजोबा घराबाहेर पडले. टाय लावलेला, पायांत सपाता. दोन तासांनी पोलिसांना ते बसस्टॉपवर सापडले. ते येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ही बस कारखान्यावर जाते का, असं विचारत होते. पाय गारठले होते, बाकी इजा नव्हती. इस्पितळात तपासण्या झाल्या आणि आजाराला नाव मिळालं.

मी भेटायला गेलो तेव्हा आजी माझ्याशी फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “ती मुलगी का नाही आली हो? तिला मी सगळं सांगितलं होतं. सोमवारी येते म्हणाली होती. मी शिरा करून ठेवला होता.”

मी म्हटलं, “तिची परीक्षा आहे.”

“असं होय,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, आमचं ऐकून घाबरली पोर.”

रिपोर्ट तपासून निकाल देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीची बैठक त्यानंतर आठ दिवसांनी होती. आठ दिवस! एका पानाची पुरवणी लिहायला अर्धा तास पुरला असता. एका दुपारी मी कॉम्प्युटरसमोर बसलोही. ‘माझ्या रिपोर्टनंतर काही नवी माहिती पुढे आली आहे’ असं लिहिलं. मग मनात आलं, नवी कुठली? तिने ती मला दुसऱ्याच दिवशी दिली होती. ते वाक्य खोटं होतं म्हणून मी खोडलं, आणि खरं वाक्य लिहायची माझी तयारी नव्हती. मशीन बंद करून मी घरी गेलो.

समितीने तिला चाळीस दिवस पुन्हा करायला सांगितले. कबूल झालेली नोकरी गेली, कारण ते लोक तोवर थांबणार नव्हते. ती ब्रिस्टलला गेली, तिथल्या एका इस्पितळात तिने ते चाळीस दिवस भरले. निघताना तिने सगळ्या टीमसाठी केक आणला होता. मला वाकून नमस्कार करायला लागली तेव्हा मी तिचे हात धरले आणि म्हटलं, “ऑफिसात नको.” लोकांना वाटलं मी भारावलो.

चार वर्षांनी मी निवृत्त झालो. भाषणं झाली. विद्यार्थी घडवणारा माणूस म्हणून माझं कौतुक झालं. त्यातलं बरंचसं खरंही होतं, आणि ते मी नाकारत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ओळखीतून तिचा नंबर मिळवला आणि फोन केला. मी नाव सांगितलं. “काका? बरे आहात ना?”

मी तिला सगळं सांगितलं, वर लिहिलंय त्याच क्रमाने. मधे थांबलो नाही. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा चिडेल, किंवा ‘जाऊ द्या हो’ म्हणेल. ती म्हणाली, “हे तुम्ही मला सांगताय होय? मला माहीतच आहे की. मी तिथेच होते.”

“मग कुणाला सांगू?”

“लिहा. त्या भेटीचा रिपोर्ट परत लिहा, आणि मला पाठवा. माझ्याकडे आता स्टुडंट्स असतात. त्यांना देईन वाचायला.”

तिचं मराठी सुधारलं होतं. तिने नागपूरच्या मुलाशी लग्न केलंय, सासूबाईंनी वळण लावलं म्हणाली.

मी आठवडाभर बसून तीन पानं लिहिली आणि पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन. “काका, हे परत करते. चालणार नाही.”

“काय चुकलं?”

“यात सगळीकडे तुम्हीच आहात. तुम्हाला काय वाटलं, तुम्ही किती वाईट, तुम्ही किती झोपला नाहीत. आजी कुठे आहेत यात? एकच वाक्य आहे त्यांच्यावर.”

मला राग आला, तोच जुना, घड्याळ पाहताना आलेला. मी फोन ठेवला. मग कागद काढून मोजलं. खरोखर एकच वाक्य होतं.

दुसऱ्यांदा पाठवलं तेव्हा तिने म्हटलं, “बरं आहे, पण आजी काय म्हणाल्या ते तुम्ही अंदाजाने लिहिलंय. तुम्ही आत नव्हतात. मला विचारा ना.”

इतक्या वर्षांत मी तिला हे विचारलंच नव्हतं. बैठकीत ती सांगत होती तेव्हा मी तिला थांबवलं होतं. मी विचारलं, आणि तिने फोनवर पाऊण तास सांगितलं, आणि मी फक्त लिहून घेतलं. आजी त्या दिवशी पहिल्यांदा काय म्हणाल्या, मग गॅसकडे पाठ करून किती वेळ उभ्या राहिल्या, डबा उघडताना कशा हसल्या. नवरा गोष्ट पुन्हा सांगू लागला की त्या दर वेळी नव्याने ‘मग?’ विचारायच्या, कारण विचारलं नाही तर तो घाबरायचा. लग्नाला बावन्न वर्षं झाली होती. दोघंही आता नाहीत, पण ती मुलगी नंतर स्वतःच्या रजेच्या दिवशी ब्रिस्टलहून एकदा आजींना भेटून गेली होती. मला ते माहीत नव्हतं. तिने सांगायचं कारणही नव्हतं.

तिसरा रिपोर्ट दीड पानाचा झाला. त्यात लिहिलं आहे की विद्यार्थिनीने पत्नीशी एकांतात बोलण्यासाठी घरच्या रीतीला साजेसा मार्ग निवडला, धोक्याचा प्रत्यक्ष पुरावा पाहिला, आणि तो दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकाला योग्य शब्दांत कळवला. पर्यवेक्षकाने तो मानला नाही. भेट समाधानकारक.

तिचा फोन संध्याकाळी आला. मागे तिच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

“आता ठीक आहे,” ती म्हणाली. “फक्त तारीख राहिलीय.”

“भेटीची तारीख माझ्या जुन्या डायरीत असेल. शोधतो.”

“ती वर घाला. सहीखाली आजची घाला, काका. लिहिलं आज ना?”

मी आजची तारीख घातली.